मोटारींतील ऊब आणि तुंबलेलें पाणी

बर्फाळ देशांतील मोटारवाल्यांस हिंवाळ्याच्या ऐन भरांत कधीं कधीं एक विचित्र अनुभव येतो. गाडीचें इंजिन चांगलें तापलेलें असतें, तापमापकाचा कांटा जेथें असावा तेथें असतो, हीटरचा पंखा घरघर करीत असतो; आणि तरीहि पायांवर जो वारा येतो तो गारच. समोरच्या कांचेवर श्वासाची वाफ गोठून तिचा पांढरा पापुद्रा धरूं लागतो व रस्ता दिसेनासा होतो. हातभर अंतरावर ऐंशीं-नव्वद अंश उष्णतेचें पाणी खेळत आहे आणि माणूस मात्र कुडकुडत बसला आहे, असा हा प्रकार! गाडी कारागिराकडे नेली म्हणजे तो प्रथम दोन रबरी नळ्यांना हात लावून पाहतो. एक नळी चटका देते, दुसरी थंडगार लागते. ऊन पाणी आंत जावयास निघालें आहे, पण त्याला पलीकडे वाट नाहीं. हीटर गाळानें तुंबला आहे, हें निदान तो बहुधा तेवढ्यावरूनच करतो.

रोग वरवर पाहतां किरकोळ दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं गेलें म्हणजे प्रवासांतील थंडीशीं माणसानें दिलेल्या एका लांबलचक झगड्याचा इतिहास उलगडतो. या झगड्यांत योजलेल्या प्रत्येक उपायानें आपल्या पाठीमागून एक नवी अडचण आणली, आणि तुंबलेला हीटर ही त्या मालिकेंतलीच एक अडचण होय.

चालत्या गाडींत ऊब कशी आणावी हा प्रश्न मोटारीच्या आधींचा आहे. इंग्लंडांत आगगाड्या सुरू झाल्या तेव्हां डब्यांत उष्णतेची सोय मुळींच नसे. पुढें पत्र्याचे चपटे डबे कढत पाण्यानें भरून ते उतारूंच्या पायांखालीं सरकविण्याची चाल पडली. तीहि प्रथम वरच्या वर्गाच्या उतारूंपुरती. डबा निवला म्हणजे वाटेंतील मोठ्या स्टेशनवर हमाल तो काढून घेई व दुसरा आणून ठेवी. १८८० नंतरच्या दशकांत लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेनें या डब्यांत साध्या पाण्याऐवजीं सोडियम ॲसिटेट नांवाचा क्षार भरण्यास सुरुवात केली. हा क्षार तापवून पातळ केला म्हणजे निवतांना तो पुन्हां थिजूं लागतो, आणि थिजतां थिजतां पोटांत साठविलेली उष्णता हळूहळू बाहेर सोडतो. डबा गार वाटूं लागला कीं उतारूनें तो खदखदां हालवावा. आंतील उरलेला द्रव थिजूं लागे आणि पायांना पुन्हां ऊब मिळे. खिशांत ठेवावयाच्या ज्या ऊनपिशव्या आज बाजारांत मिळतात, त्यांपैकीं कित्येकांत हाच क्षार असतो.

अमेरिकेंत अंतरें मोठीं आणि थंडी कडक. तेथें असल्या डब्यांनीं भागण्यासारखें नव्हतें. म्हणून आगगाडीच्या प्रत्येक डब्यांत लोखंडी शेगडीच मांडीत. लांकडी डबा, त्यांत धगधगणारी शेगडी व वर तेलाचे दिवे, अशी ही मांडणी! १८ डिसेंबर १८६७ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील अँगोला गांवाजवळ एका गाडीचा शेवटचा डबा रुळांवरून घसरून पुलाखालच्या घळींत कोसळला. शेगडी उलथली, निखारे विखुरले आणि डबा पेटला. सुमारें पन्नास माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील पुष्कळ पडण्यानें मेलीं नाहींत, जळून मेलीं. यानंतरहि असे अपघात होतच राहिले, तेव्हां कोठें डब्यांतील शेगड्या हळूहळू हद्दपार झाल्या आणि इंजिनाच्या बॉयलरमधील वाफ नळ्यांतून मागच्या डब्यांत खेळविण्याची पद्धत रूढ झाली. गाडी ओढणाऱ्या यंत्राजवळ जी उष्णता आहे तीच उतारूंना द्यावी, स्वतंत्र विस्तव जवळ बाळगूं नये, हा धडा आगगाडीनें फार मोठी किंमत देऊन घेतला. मोटारीला तो पुन्हां पहिल्यापासून गिरवावा लागला.

प्रारंभींच्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेल्या उघड्या बग्ग्याच. त्यांत ऊब ती कसली? अंगावर जाड कांबळीं किंवा केसाळ कातडीं, हातांत लोंकरीचे मोजे आणि पायांखालीं कोळशाच्या विटा जाळण्याची पेटी, हा त्या वेळचा सरंजाम. ही पेटी दिसे पायपुसण्याच्या चौरंगासारखी. तिच्यावर गालिच्याचा तुकडाहि बसविलेला असे. उघड्या गाडींत तिचा धूर वाऱ्यावर निघून जाई, म्हणून ती फारशी घातक ठरली नाहीं. पण गाड्यांचें रूप झपाट्यानें पालटत होतें. अमेरिकेंत १९१९ सालीं विकल्या गेलेल्या मोटारींपैकीं बंद बांधणीच्या मोटारी शेंकडा दहाच्या आसपास होत्या. १९२७ सालीं तें प्रमाण शेंकडा पंच्याऐंशींवर गेलें. आठ वर्षांत उघडी बग्गी नाहींशी होऊन तिच्या जागीं चाकांवरची बंद खोली आली. बंद खोलींत ऊब टिकते खरी, पण तेथें विषहि टिकतें. आणि माणसांच्या श्वासानें कांचेवर दंव धरतें तें निराळेंच.

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचे ढोबळ मानानें तीन वांटे होतात. एका वांट्यानें चाकें फिरतात, दुसरा धुराबरोबर बाहेर जातो, आणि तिसरा इंजिन थंड राखणाऱ्या पाण्यांत उतरतो. यांतील पहिल्या वांट्याला हात लावावयाचा नाहीं. तेव्हां ऊब घ्यावयाची ती धुरांतून किंवा पाण्यांतून. धुराची नळी अतिशय तापलेली असते आणि तीहि इंजिन सुरू होतांच. त्यामुळें प्रथम साऱ्यांची दृष्टि तिकडेच वळली. नळीभोंवतीं पत्र्याचें वेष्टण घालावें, त्या पोकळींतून हवा ओढावी आणि ती ऊन हवा बैठकीकडे सोडावी. खर्च थोडा आणि ऊब लवकर. १९२० नंतरच्या दशकांत असे हीटर पुष्कळ खपले.

परंतु या नळींतून जो वायु वाहतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशेंपटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १८९५ सालीं हा वायु स्वतः हुंगून आपल्या शरीरावर होणारे परिणाम टिपून ठेवले होते. म्हणजे मोटारींत असले हीटर येण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें हें ज्ञान उपलब्ध होतें. नळी गंजून तिला बारीकसें भोंक पडलें कीं उबेबरोबर हा वायुहि आंत येई. बसलेल्यांना वाटे, डोकें जड झालें आहे, झोंप येत आहे. आणि थंडीच्या दिवसांत उबेनें झोंप आली तर त्यांत कुणाला नवल वाटणार? कांचा घट्ट लावलेल्या गाडींत ही झोंप कित्येकांची शेवटची ठरली.

येथें फोक्सवॅगन कंपनीच्या ‘बीटल’ मोटारीचा उल्लेख करणें अवश्य आहे. तिचें इंजिन पाण्यानें नव्हे, तर हवेनें थंड होई. म्हणून तिला धुराच्या नळ्यांभोंवतालची ऊब घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. वेष्टणें शाबूत असेपर्यंत ही योजना निर्धोक होती; तीं गंजलीं म्हणजे मालकाला सावध राहावें लागे. शिवाय कडाक्याच्या थंडींत ही ऊब अपुरी पडे ती पडेच. या गाडीचें शेवटचें नग मेक्सिको देशांतील प्वेब्ला येथें ३० जुलै २००३ रोजीं तयार झालें, आणि तोंवर तिची एकूण संख्या दोन कोटी पंधरा लक्षांवर गेली होती. एवढ्या मोठ्या संसारांत पाण्याचा हीटर कधीं तुंबला नाहीं, कारण पाणीच नव्हतें!

बाकीच्या जगानें मात्र पाण्याचा मार्ग पत्करला. आपल्याकडील न्हाणीघरांतला तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांना मोटारीच्या इंजिनाची रचना समजण्यास अडचण पडूं नये. बंबांत मधोमध विस्तव आणि सभोंवार पाणी. इंजिनांतहि मधोमध पेट्रोलचा जाळ आणि सभोंवतालच्या पोकळींत पाणी. भेद इतकाच कीं, बंबांतलें पाणी तापावें म्हणून आपण जाळ करतों, आणि इंजिनांत जाळ आवरावा म्हणून पाणी ठेवावें लागतें. हें तापलेलें पाणी निववावें कसें, हा जुन्या यंत्रकारांचा मोठा प्रश्न होता. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रकारानें १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यांत सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० नळ्या होत्या. त्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी झिरपे. थोडक्या जागेंत पाण्याला वाऱ्याशीं फार मोठें तोंड मिळालें आणि मोटारीचा वेग वाढविणें शक्य झालें. पुढच्या साऱ्या कथेचें बीज या अरुंद वाटांत आहे. वाट जितकी बारीक तितकी उष्णता लवकर पलीकडे जाते. आणि वाट जितकी बारीक तितका तिच्यांत गाळहि लवकर अडकतो.

१९३० सालच्या आगेंमागें अमेरिकन बाजारांत पाण्याचे हीटर दिसूं लागले. कल्पना साधी होती. मोठा रेडिएटर गाडीच्या नाकाशीं पाणी निववितो. तसाच एक धाकटा रेडिएटर पुठ्ठ्याच्या पेटीएवढा करून चालकाच्या पुढच्या फळीखालीं टांगावा, इंजिनाच्या वरच्या भागांतून एका रबरी नळीनें त्यांत कढत पाणी आणावें, दुसरीनें तें पंपाकडे परत पाठवावें, आणि मागें विजेचा लहानसा पंखा लावावा. आंत धुराचा संबंध नाहीं. फुटलाच तर पायावर पाणी सांडेल, जीव जाणार नाहीं. इंजिन तापेपर्यंत वाट पाहावी लागे एवढेंच. १९३८ सालच्या नॅश मोटारींत बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आंत घेण्याची सोय झाली, आणि पुढच्याच वर्षीं तिला उष्णता आपोआप सांभाळणाऱ्या नियामकाची जोड मिळाली. ऊन हवा समोरच्या कांचेवर सोडून दंव वितळविण्याची युक्तीहि याच सुमारास सर्वत्र पसरली. अमेरिकेंत १९६८ सालापासून नव्या मोटारींस कांच स्वच्छ राखणारी व्यवस्था कायद्यानें आवश्यक ठरली. तेव्हांपासून हीटर ही चैन राहिली नाहीं; ब्रेकसारखी ती जिवाच्या रक्षणाची वस्तु झाली. ज्याचा हीटर तुंबला त्याची दृष्टीच झांकली जाते, ही गोष्ट उष्ण प्रदेशांतील माणसाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

परंतु पाण्याचा मार्ग पत्करला तेव्हां पाण्याचा स्वभावहि पत्करावा लागला. बहुतेक पदार्थ गोठतांना आकसतात. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. रात्रीं उघड्यावर राहिलेल्या गाडींत हें फुगणारें बर्फ बिडाच्या इंजिनाला चीर पाडी आणि रेडिएटरच्या नळ्या उकलून टाकी. म्हणून जुने चालक संध्याकाळीं सारें पाणी काढून ठेवीत आणि सकाळीं ऊन पाणी ओतीत. ज्यांना हा व्याप नको असे त्यांनीं पाण्यांत काय काय घातलें याची यादी मोठी मौजेची आहे : मद्यार्क, कॅल्शियमचा क्षार, ग्लिसरीन, साखर, इतकेंच काय पण मधसुद्धां! मद्यार्क पाण्याच्या आधीं उकळून उडून जाई आणि थंडीची लाट आली कीं मालकाला कळे, रेडिएटरांत नुसतें पाणी उरलें आहे. क्षारानें धातु खाल्ला. साखर आणि मध यांनीं तापलेल्या नळ्यांत काय केलें असेल तें पाक करपलेल्या पातेल्यावरून गृहिणींनीं ओळखावें.

यांतून सुटका केली ती एथिलीन ग्लायकॉल या द्रव्यानें. फ्रेंच रसायनज्ञ शार्ल आदोल्फ वुर्ट्झ यांनीं तें १८५६ सालीं प्रथम तयार केलें. पण मोटारींसाठीं तें बाजारांत आलें १९२७ सालीं, ‘प्रेस्टोन’ या नांवानें. त्याचा एक गुण चमत्कारिक आहे. शुद्ध ग्लायकॉल शून्याखालीं सुमारें तेरा अंशांवर गोठतो, पाणी शून्यावर. परंतु दोघांचें निम्में-निम्में मिश्रण शून्याखालीं सदतीस अंशांच्या सुमारापर्यंत गोठत नाहीं. म्हणजे ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय येथें लागू पडत नाहीं. थंडी जास्त म्हणून निव्वळ ग्लायकॉल ओतणारा मनुष्य आपलें नुकसान करून घेतो. त्याचा दुसरा गुण घातक आहे. तो चवीला गोड आणि पोटांत गेल्यास विषारी. जमिनीवर सांडलेला चाटून कुत्रीं-मांजरें मरतात आणि लहान मुलांनाहि त्यापासून जपावें लागतें.

थंडीपुढें पाण्यावर चालणारीं यंत्रें किती लाचार होतात हें १९४१ च्या हिंवाळ्यांत रशियांत दिसून आलें. मॉस्कोजवळ पारा शून्याखालीं तीस अंशांच्याहि खालीं उतरला आणि जर्मन सैन्याच्या गाड्या जागच्या जागीं थिजल्या. इंजिनाखालीं जाळ करून तीं तापवावीं लागत. कित्येक ठिकाणीं तीं रात्रभर चालूच ठेवीत. या अनुभवानंतर १९४२ सालीं जर्मनांनीं आपल्या रणगाड्यांस अशी जोडणी दिली कीं, एक रणगाडा कसाबसा सुरू झाला म्हणजे त्याच्यांतलें ऊन पाणी नळीनें शेजारच्या थंड रणगाड्यांत सोडावें आणि त्याच्यांतलें गार पाणी यानें घ्यावें. शेजाऱ्याच्या चुलींतला विस्तव आणून आपली चूल पेटवावी, तशांतलाच हा प्रकार.

ग्लायकॉलनें गोठण्याचें भय घालविलें. मग हीटर तुंबूं कां लागला? याचें कारण असें कीं, पूर्वीं दर हिंवाळ्यांत पाणी काढलें जाई व त्याबरोबर थोडा गाळहि जाई. आतां तेंच मिश्रण वर्षानुवर्षें गाडींत राहूं लागलें. इंजिन बिडाचें, पंप निराळ्या धातूचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिशा-कथिलाच्या डाखाचे. असे चार धातु एकाच पाण्यांत बुडवून ठेवले म्हणजे त्यांतला एखादा झिजावयाचाच. ग्लायकॉलहि उष्णतेच्या व हवेच्या संगतींत ताक आंबावें तसा हळूहळू आंबतो. त्यांत आम्ल उत्पन्न होतें. तें होऊं नये म्हणून कारखानदार गंजरोधक द्रव्यें मिसळतात, पण तीं कालांतरानें खर्ची पडतात. मग बिडाचा गंज तांबूस चिखलासारखा सुटतो आणि डाखावर पांढरट भुकटी धरते. मिश्रणासाठीं विहिरीचें जड पाणी वापरलें असेल तर बंबाच्या तळाशीं बसतात तशीं क्षारांचीं पुटें बसतात. ॲल्युमिनियमच्या रक्षणासाठीं घातलेलें सिलिकेट, तें प्रमाणाबाहेर झाल्यास, लापशीसारखें घट्ट होऊन बसतें. हा सारा गाळ पाण्याबरोबर फिरत असतो. मोठ्या रेडिएटरांत प्रवाह जोराचा असतो. धाकट्या रेडिएटरांतून थोडेंच पाणी मंदगतीनें जातें. नदीचा गाळ जसा संथ वळणावर बसतो तसा हा गाळ हीटरांत बसतो.

यांत माणसानेंहि आपल्या हातानें भर घातली. रेडिएटर गळूं लागला कीं त्यांत कांहींतरी भुकटी टाकून भोंक बुजविण्याची चाल सर्व देशांत आहे. पश्चिमेकडे मिरपूड, अंड्याचा बलक किंवा सुंठीची भुकटी टाकीत. आपल्याकडील ट्रकवाले हळद टाकीत. भोंक बुजतें यांत शंका नाहीं. परंतु भुकटीला गळकें भोंक कोणतें आणि हीटरची बारीक नळी कोणती हें कसें कळावें? ती जेथें अरुंद वाट पाहील तेथें बसावयाची. रस्त्यांत अडलेल्या माणसानें हा उपाय केला तर त्याला नांवें ठेवतां येत नाहींत. घरीं पोंचल्यावर तो निस्तरला नाहीं याबद्दल मात्र ठेवतां येतील.

दीर्घकाळ टिकणारीं मिश्रणें आलीं तरी प्रश्न संपला नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९९६ च्या गाड्यांपासून नारिंगी रंगाचें एक नवें मिश्रण वापरात आणलें; तें दीड लक्ष मैल चालेल असें सांगण्यांत आलें. पाण्याची पातळी उतरून आंत हवा शिरलेल्या कित्येक गाड्यांत त्याचा चिखल झाल्याच्या तक्रारी आल्या, ग्राहकांनीं दावे लावले आणि २००८ सालीं तडजोड झाली. ‘कायमचें’ म्हणून विकलेल्या वस्तूकडेहि मधून मधून झांकण उघडून पाहावें लागतें.

आतां उपचाराकडे वळूं. गार वारा येतो म्हणून हीटर तुंबलाच असें नाहीं. पाणी कमी होऊन वरच्या भागांत हवा अडकली असेल, पाण्याची उष्णता राखणारी झडप उघडी राहून इंजिनच नीट तापत नसेल, किंवा ऊन हवेचें दार फिरत नसेल. दोन नळ्यांच्या उष्णतेंत मोठें अंतर असेल आणि हीटरची झडप उघडी असल्याची खात्री असेल, तरच गाळाचा संशय धरावा. मग त्याला बाहेर काढण्याची रीत जुनीच आहे. ज्या बाजूनें पाणी येतें तिकडच्या तोंडाशीं गाळ दाटलेला असतो. पुढून रेटा दिला तर तो अधिकच घट्ट बसतो. म्हणून दोन्ही नळ्या सोडवून पाणी उलट दिशेनें, परतीच्या वाटेनें आंत सोडतात. पूर्वींच्या गराजांत यासाठीं पाणी व दाबलेली हवा एकत्र सोडणारी बंदुकीसारखी तोटी असे. आरंभीं तांबूस गढूळ पाणी आणि गंजाचीं खवलीं येतात. थोड्या वेळानें पाणी निवळतें. मग दिशा पालटावी, पुन्हां उलटवावी, असें पाणी स्वच्छ व मुक्त वाहीपर्यंत करावें. गाळ हट्टी असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबांत असतें तें आम्ल, पातळ करून कांहीं काळ आंत ठेवतात आणि मागाहून भरपूर पाण्यानें धुतात. तांब्याचीं भांडीं आंबटानें उजळणाऱ्यांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. परंतु अलीकडचे हीटर ॲल्युमिनियमचे असतात, आणि त्या धातूवर तीव्र आम्ल किंवा सोडा यांचा प्रयोग म्हणजे रोग्याबरोबर रोगहि संपविणें होय.

जोराविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मोटारीच्या पाण्याचें झांकण साधारणतः एक वातावरणाच्या आसपास दाब धरून ठेवतें. हीटर तेवढ्याच दाबाच्या बेतानें केलेला असतो. शहरांतील नळाचा दाब कित्येकदां याच्या तिप्पट असतो. तोटी पुरती उघडून नळी घट्ट आवळली तर गाळाऐवजीं सांधाच निघावयाचा, आणि हीटर फुटला तर तो बदलण्यासाठीं बहुतेक गाड्यांत चालकासमोरची सारी फळी उतरवावी लागते. तासाभराचें काम दोन दिवसांवर जातें. हलक्या हातानें, नळी सैल धरून, धीमेपणानें पाणी सोडणारा कारागीर भित्रा नसतो; त्याला धातूची जाडी ठाऊक असते.

थंडींत हें काम करावयाचें म्हणजे त्याला आणखी पथ्यें आहेत. बंद छपराखालीं, शक्य तर ऊब असलेल्या जागेंत तें करावें. पण तेथें इंजिन चालू ठेवावयाचें तर दार उघडें हवें, नाहींपेक्षां हॉल्डेन यांनीं वर्णिलेला वायु पुन्हां भेटतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें पाणी उसळून तोंड भाजतें. धुण्याचें पाणी कोमट घ्यावें : गोठलेल्या धातूवर एकदम उकळतें पाणी ओतलें तर तो तडकण्याचा संभव असतो. सर्वांत मोठा धोका काम संपल्यावरचा आहे. धुतांना आंत गेलेलें साधें पाणी हीटरच्या नळ्यांत व इंजिनाच्या पोकळ्यांत राहतें. त्यावर नवें मिश्रण नुसतें ओतून दिलें तर तें आपसुक पातळ होतें, आणि ज्या हीटरला गाळांतून सोडविलें तोच त्या रात्रीं बर्फानें फुटतो. म्हणून हीटरांतलें पाणी फुंकून बाहेर काढावें, आंत किती पाणी उरलें असावें त्याचा अंदाज धरून ग्लायकॉलचें प्रमाण वाढवावें, मिश्रणासाठीं शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, आणि इंजिन तापवून आंतील हवा निघून गेल्यावर गोठणबिंदु मापकानें पाहावा. काढलेला जुना द्रव परातींत धरून झांकण असलेल्या डब्यांत ठेवावा. गटारांत किंवा अंगणांत सोडूं नये.

पुण्या-मुंबईकडील मोटारवाल्यांस हें सारें परदेशची गोष्ट वाटेल. त्यांच्या गाड्यांत हीटर असतोच. त्याचें बटन मात्र वर्षानुवर्षें कुणी फिरवीत नाहीं. ज्या गाड्यांत हीटरला स्वतंत्र झडप असते त्यांत बंद झडपेमागें पाणी साचून राहतें, आणि साचलेल्या पाण्यांत गाळ निवांत बसतो. शिवाय उन्हाळ्यांत इंजिन तापलें कीं रस्त्याकडेच्या विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ओतण्याची आपली संवय. अशी गाडी एखाद्या डिसेंबरांत सिमल्याकडे किंवा मनालीच्या वर चढते, तेव्हां हीटरची गरज प्रथमच पडते आणि त्याची अवस्थाहि प्रथमच कळते. महिन्या-दोन महिन्यांनीं पांच मिनिटें झडप उघडी ठेवून पाणी खेळूं दिलें तर हा प्रसंग पुष्कळ अंशीं टळतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्यावर हीटरची गोष्ट संपेल असें कित्येकांना वाटलें, कारण त्यांत पेट्रोलचा जाळ नाहीं आणि फुकटची उष्णताहि फार थोडी. परंतु निसान कंपनीच्या ‘लीफ’ या गाडीच्या पहिल्या, २०१०-११ च्या सुमाराच्या नमुन्यांत विजेनें पाणी तापवून तेंच पाणी हीटरच्या धाकट्या रेडिएटरांतून फिरवीत. या उबेला वीज इतकी लागे कीं हिंवाळ्यांत गाडीची एका दमाची मजल घटे. म्हणून २०१३ च्या नमुन्यापासून कांहीं गाड्यांना बाहेरच्या हवेंतील उष्णता आंत ओढणारा उष्णतापंप देण्यांत आला. इकडे विजेच्या पेटाऱ्यालाहि थंडी मानवत नाहीं, असें आढळलें. आज पुष्कळ विजेच्या मोटारींत तो पेटारा ऊन किंवा गार राखण्यासाठीं त्याच्या अंगाखालून अरुंद वाटांनीं पाणी आणि ग्लायकॉल यांचें मिश्रण फिरत असतें.